उभ्या गाडीचा विमा

"गाडी जर चालवायचीच नाही, तर चालवण्याचा विमा भरून कोणाचं भलं करताय, व्हर्ना?" जोलीन म्हणाली. डेव्हिल्स लेक गावाच्या मुख्य रस्त्यावर तिचं विम्याचं ऑफिस होतं आणि अर्ध्या गावाचे कागद तिच्या कपाटात होते. "शेडमध्ये उभ्या गाडीचा विमा घ्या. आग, चोरी, गारा, छत पडलं तर, एवढंच. हप्ता एक तृतीयांशावर येतो. वसंतात एक फोन करा, पुन्हा पूर्ण विमा चालू करून देते."

"आणि अट काय?"

"दोनच. गाडी रस्त्यावर एक फूटही न्यायची नाही. आणि तिच्यात कोणी राहायचं नाही."

दुसरी अट ऐकताना व्हर्नाने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर त्यांची रोजची छोटी गाडी उभी होती आणि तिच्यात ऑरिन, मांडीवर उजवा हात ठेवून. तो हात आता त्याचा नव्हताच जणू, कोणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा तो त्याला जपून धरत असे.

चार वर्षांपूर्वी त्या दोघांनी घर विकलं होतं. ऑरिनने तीस वर्षं धान्याच्या कोठारात काम केलं, तिने शाळेच्या स्वयंपाकघरात, आणि निवृत्तीचा सगळा पैसा घालून त्यांनी छत्तीस फुटी मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतलं. उन्हाळा इथे तळ्याकाठी, हिवाळा ॲरिझोनात. दुसरं घर नव्हतं. ऑगस्टमध्ये, तळ्याकाठी मासे साफ करता करता, ऑरिनला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डोक्यात सगळं शाबूत होतं, डॉक्टर म्हणाले, पण शब्द सापडत नव्हते. आता ती दोघं व्हर्नाच्या थोरल्या बहिणीच्या, आर्डिसच्या घरी तळघरात राहत होती. दवाखान्याची बिलं येत होती. विम्याचा पूर्ण हप्ता म्हणजे त्या बिलांवर आणखी एक धोंडा.

व्हर्नाने सही केली. ऑरिनच्या नावाचीही तिनेच केली; तसा कागद वकिलाने सप्टेंबरातच करून दिला होता.

गाडीत बसल्यावर तिने त्याला सांगितलं, "हिवाळ्यापुरतंच आहे, ऑरिन. पैसे वाचतील."

तो बराच वेळ शब्द शोधत राहिला. ओठ हलले, मान हलली, कपाळावरची शीर फुगली. शेवटी त्याने डावा हात डॅशबोर्डवर आपटला आणि तोंड फिरवलं.

आर्डिस वाईट नव्हती. हेच कठीण होतं. वाईट असती तर व्हर्नाला निदान रागावता आलं असतं. सत्तरीची, विधवा, अंगणापासून माळ्यापर्यंत एक कण धूळ नाही. तिने आपण होऊन तळघर दिलं होतं, नवीन पलंग घेतला होता, न्हाणीघरात ऑरिनसाठी धरायचे दांडे बसवून घेतले होते. फक्त बूट पायरीवर नाही तर चटईवर काढायचे. जेवण साडेपाचला. घरातली उष्णता किती ठेवायची ते आर्डिस ठरवणार, आणि तळघराची खिडकी उघडायची नाही, कारण त्याने वर पाय गार पडतात. खिडकी तरी कसली, छताला लागून एक काचेची फट. नोव्हेंबरात तिच्यावर बर्फ चढला आणि दिवसाचा उजेडही बंद झाला.

"व्हर्ना, टॉवेल पुन्हा उलटा घडी केलास," आर्डिस वरून हाक मारायची.

"करते सरळ."

"तसं काही नाही गं, मी केला. फक्त सांगितलं."

ऑरिन ताटावर मान घालून डाव्या हाताने जेवायचा आणि त्याच्या हनुवटीवरून ग्रेव्ही ओघळली की आर्डिस उठून पुसायची. प्रेमानेच पुसायची. त्या वेळी ऑरिनचे डोळे व्हर्नाकडे वळायचे आणि व्हर्ना दुसरीकडे बघायची.

मोटारहोम गावाबाहेर मर्ल स्कोगेनच्या शेडमध्ये होतं. पूर्वी तिथे बटाटे साठवायचे. आता मर्ल लोकांच्या बोटी आणि मोटारहोमं भाड्याने ठेवून घ्यायचा. मंगळवारी आणि गुरुवारी ऑरिनचा व्यायाम असायचा दवाखान्यात. डिसेंबरातल्या एका गुरुवारी तो संपल्यावर व्हर्ना त्याला घेऊन शेडकडे वळली. उंदरांचे सापळे बघायचे, एवढंच तिच्या मनात होतं.

ऑरिनला त्या तीन पायऱ्या चढवायला दहा मिनिटं गेली. आत थंडी बाहेरच्याइतकीच होती. नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरलेलं, फ्रिजचं दार उघडं टाकलेलं. पण ऑरिन पुढच्या आसनावर बसला, डावा हात चाकावर ठेवला आणि त्याने असा एक श्वास सोडला, जसा तिने ऑगस्टपासून ऐकला नव्हता. मग तो बोलला.

"चल."

"काय म्हणालास?"

"चल," तो म्हणाला, आणि हसला, आपल्याच धिटाईवर हसावं तसा.

पुढच्या मंगळवारी तिने थर्मासमध्ये कॉफी भरून घेतली. त्यानंतरच्या खेपेला एक छोटा विजेचा हीटर आणि लांब वायर, शेडच्या भिंतीतल्या प्लगपर्यंत जाणारी. मर्लने ते बघितलं. "मी काही बघितलं नाही," तो म्हणाला, "पण विजेचे दोन पैसे महिनाअखेरीस देऊन टाक." आर्डिसला तिने सांगितलं की व्यायामाची वेळ वाढवली आहे. आयुष्यभर ती बहिणीशी इतकं सरळ तोंडाने खोटं बोलली नव्हती.

त्या दोन-अडीच तासांत विशेष असं काहीच होत नसे. ऑरिन खिडकीतून शेडच्या पत्र्याकडे बघत बसे. व्हर्ना विणकाम करी, नाहीतर नुसती लवंडे. कॉफी सांडली तर सांडू दे, तिथे पुसायची कोणाला घाई नव्हती. जानेवारीपर्यंत त्याच्याकडे पाच शब्द झाले होते, आणि पाचही त्याला तिथेच सापडले होते.

जानेवारीच्या मध्यावर वादळ आलं. चारला निघायचं तर साडेतीनलाच शेडचं दार बर्फाने अडलं आणि सरकारने हायवे बंद केला. मर्ल दुपारीच घरी गेला होता. व्हर्नाने फोन करून आर्डिसला सांगितलं, दवाखान्याजवळ अडकलोय, नर्सबाईंकडे राहतो. मग होती नव्हती ती सगळी पांघरुणं काढली आणि दोघं बूट-कोटांसकट आपल्या जुन्या पलंगावर शिरली. बादली होती, कॉफी होती, बिस्किटांचा अर्धा पुडा होता. ऑरिन सकाळपर्यंत एकदाही जागा झाला नाही. मर्लने ट्रॅक्टरने बर्फ ओढला तेव्हा व्हर्नाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिला वाटलं, अजून एक दिवस तो उशिरा आला असता तर काय बिघडलं असतं.

आग फेब्रुवारीत लागली.

मंगळवार होता, दुपारचे अडीच. व्हर्ना मागे कपाटात ऑरिनचे जाड मोजे शोधत होती. तिला रबर जळाल्याचा वास आला आणि वाटलं, मर्लने काहीतरी पेटवलं असेल. ती वळली तेव्हा जेवणाच्या टेबलाखालून, जिथे गालिच्याखालून वायर नेली होती, तिथून धूर सरळ वर येत होता. बघता बघता बाकाची गादी पेटली. त्या गाद्यांमध्ये काय भरतात कोण जाणे, भप्पकन आवाज झाला आणि पडदा गेला.

वायर प्लगमधून काढायची तर प्लग बाहेर. बाहेर जायचं दार टेबलाच्या पलीकडे, आणि ऑरिन पुढे आसनावर.

तिने कोट तोंडावर धरला आणि टेबलाच्या कडेने घसरत पुढे गेली. "ऊठ, ऑरिन! ऊठ!" तिने त्याला काखेत धरून उठवला. दारापर्यंत आणला. दार ढकललं, बाहेरची हवा आत आली आणि मागे आग आणखी फुरफुरली. पहिल्या पायरीवर त्याचा उजवा पाय दुमडला आणि तो दारातच बसला, अख्खा दरवाजा भरून. ती आत, तो मध्ये. दाराशेजारचा दांडा त्याने डाव्या हाताने धरला होता. दवाखान्यात त्याला सहा महिने हेच शिकवलं होतं: पडतोय असं वाटलं की दांडा धरायचा, सोडायचा नाही.

"सोड! अरे सोड, ऑरिन, मी जळतेय!"

त्याला कळत होतं. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की कळतंय. पण हात ऐकत नव्हता. ज्या एकाच हातावर त्याचा हुकूम चालायचा, तोही भीतीने आवळून बसला होता. व्हर्नाने बोटं उलगडायचा प्रयत्न केला. उलगडेनात. मग तिने खाली वाकून त्याच्या बोटांना कडकडून चावा घेतला.

दोघं एकमेकांवर काँक्रिटवर पडली. मर्ल धावत आला, त्याने आधी प्लग उपटला, मग भिंतीवरचं अग्निशामक यंत्र ओढलं. पाच मिनिटांत आग विझली. बाहेरून गाडीची एक बाजू काळी झाली होती. आत मात्र सगळंच संपलं होतं, कारण जिथे आग पोचली नव्हती तिथे धूर पोचला होता.

ऑरिनच्या चार बोटांवर तिच्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत काँक्रिटवर बसून राहिला.

आर्डिसने दारातच वास ओळखला. व्हर्नाने त्या वेळी सगळं सांगून टाकलं, चटईवर उभं राहून, बूट पायात तसेच.

"म्हणजे माझं उबदार घर सोडून," आर्डिस सावकाश म्हणाली, "तुम्ही दोघं बटाट्याच्या शेडमध्ये जाऊन बसत होतात."

"तसं नाही गं."

"मग कसं? सांग की. मी काय कमी केलं तुम्हाला?"

आर्डिसने काहीच कमी केलं नव्हतं. तिच्या घरात ऑरिनला गुदमरायला होत होतं, आणि ऑरिनपेक्षा जास्त तिला स्वतःला होत होतं, हे कसं सांगायचं? त्या संध्याकाळी आर्डिसने जेवण वाढलं, साडेपाचलाच, आणि ऑरिनच्या बोटांना मलम लावलं.

दुसऱ्या दिवशी जोलीनचा फोन आला. "आग आहे ना, मग आगीचा विमा चालू आहे. घाबरू नका. आतल्या सामानाचे मिळणार नाहीत, ते पूर्ण विम्यात असतं. पण गाडीचे मिळतील. फार्गोहून सर्व्हेयर येईल." मग तिने आवाज खाली आणला. "व्हर्ना, ते एक विचारतील. गाडीत कोणी राहत होतं का? मला काही सांगू नका. मला सांगितलंत तर मला लिहावं लागेल."

फोन ठेवला तेव्हा आर्डिस मागेच उभी होती. तिचा राग एका रात्रीत घरच्या माणसाच्या बाजूने वळला होता. "हे बघ, तू गाडी बघायला गेली होतीस. उंदीर बघायला. नवरा सोबत होता, कारण त्याला कुठे ठेवणार? बस. बाकी तोंड उघडायचं नाही."

"आणि ती वादळाची रात्र?"

"ती तुम्ही नर्सबाईंकडे होतात. मला तूच सांगितलंस ना? मी शपथेवर सांगेन."

मर्लनेही फोन करून सांगितलं की त्याला त्या रात्रीचं काही आठवत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला आठवलंच पाहिजे असं काही नाही.

सगळे तिच्या बाजूने होते. तरी तिला झोप लागेना. खोटं बोललं आणि पकडलं तर विम्याचे पैसे गेलेच, वर फसवणुकीचा गुन्हा. मग ऑरिनला कोण उठवणार, कोण बसवणार? खरं बोललं तर कदाचित काहीच मिळणार नाही, आणि ते तळघर मरेपर्यंत. छताची ती बर्फाने बुजलेली फट बघत ती पडून राहायची आणि दोन्हीकडून एकाच जागी येऊन पोचायची.

सर्व्हेयर मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला. बेल्गार्ड नावाचा, पन्नाशीचा, मूळचा टर्टल माउंटनकडचा माणूस. बोलणं हळू, बुटांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून आत चढला. त्याने वायर बघितली, प्लग बघितला, फोटो काढले. बेसिनमध्ये दोन कप होते, काजळीने काळे. खिडकीजवळ ऑरिनच्या गोळ्यांची डबी वितळून चिकटली होती. त्या दोन्हींचे फोटो त्याने काढले नाहीत, पण दोन्हीकडे त्याची नजर गेली, हे व्हर्नाने बघितलं.

ऑरिन बाहेर छोट्या गाडीत बसला होता. मर्ल शेडच्या दाराशी उगाच झाडत होता.

"तर बाई," बेल्गार्ड वही उघडून म्हणाला, "आग लागली तेव्हा तुम्ही दोघं आत होतात."

"हो."

"कशासाठी?"

तिने ठरवलेलं वाक्य तोंडाशी आणलं. उंदीर. सापळे. सोपं होतं. मर्लचा झाडू थांबला.

"बसायला," व्हर्ना म्हणाली. "आठवड्यातून दोनदा. ऑरिनला इथे बरं वाटायचं. मलाही."

"किती वेळ?"

"दोन तास. कधी अडीच."

"रात्री कधी झोपलात?"

"एकदा. जानेवारीच्या वादळात. हायवे बंद होता."

बेल्गार्डने लिहिलं. बराच वेळ लिहीत राहिला. "तुमचं टपाल कुठे येतं? कपडे कुठे असतात?"

"बहिणीकडे. तळघरात."

"स्वयंपाक?"

"कॉफी आणायचो घरून. नळाला पाणीच नाही इथे."

"ठीक." त्याने वही मिटली. "तुम्ही सांगितलं तसं मी लिहिलंय. राहणं कशाला म्हणायचं, ते वर बसलेले ठरवतील. माझ्या हातात नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्याने प्लॅस्टिकच्या पिशव्या बुटांवरून सोडवल्या. "मला विचाराल, तर वादळात दार अडलेल्या माणसाने आत थांबावं. पण मला कोणी विचारत नाही, बाई."

तो गेल्यावर मर्ल म्हणाला, "तुला अक्कल नाही, व्हर्ना." आणि मग, "कॉफी घेतेस?"

पाच आठवडे काही कळलं नाही. आर्डिस रोज टपालाच्या पेटीकडे आधी जायची आणि रिकाम्या हाताने परत येताना म्हणायची, "तोंड उघडायची हौस कोणाला होती?" ऑरिन पुन्हा गप्प झाला. आलेले पाच शब्दही गेले. व्यायामाच्या बाईंनी त्याच्या बोटांवरच्या वाळत आलेल्या खुणांकडे बघून "हे काय?" असं विचारलं आणि व्हर्नाने सांगितलं, "मी चावले." परतताना गाडी आपोआप शेडच्या वळणाशी हळू व्हायची, आणि व्हर्ना पुन्हा वेग वाढवायची.

एप्रिलच्या मध्याला पत्र आलं. क्लेम मंजूर होता. 'मालकाची अधूनमधून भेट' असा एक शब्दप्रयोग त्यांनी शोधून काढला होता. आणि खाली लिहिलं होतं की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त असल्याने गाडी टोटल लॉस धरली आहे; तिची आजची किंमत मिळेल, आणि गाडी कंपनी घेऊन जाईल. दहा दिवसांत आतलं सामान काढून घ्यावं.

व्हर्नाने पत्र दोनदा वाचलं. इतके आठवडे ती पैसे मिळतील की नाही याच काळजीत होती. गाडी जाईल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या मनात कुठेतरी असं होतं की पैसे आले की गाद्या बदलू, पडदे बदलू, जोलीनला फोन करू.

सामान काढायला ती ऑरिनला घेऊन गेली. आर्डिस न बोलावता सोबत आली, हातमोजे आणि खोकी घेऊन. वाचवण्यासारखं फारसं नव्हतंच: भांडी, एक हातोडी, दोन लाकडी ठोकळे, जे उताराच्या जागी चाकाखाली घालायचे. ऑरिनला वर चढवलं. तो पुढच्या आसनावर बसला. खोकी भरून झाली तरी उठेना.

"ऑरिन, चला," आर्डिस म्हणाली.

त्याने मान हलवली.

"तो ट्रकवाला दोनला येणार आहे."

ऑरिनने चाक धरलं. डाव्या हाताने, घट्ट. व्हर्नाने त्या हाताकडे बघितलं. ती शेजारच्या आसनावर बसली, काजळीवरच. तिने त्याचा हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. ट्रक आला, मर्लने ट्रकवाल्याला बाहेर थांबवून ठेवलं, आर्डिस काही वेळ पायऱ्यांशी उभी राहिली आणि मग खोकी उचलून छोट्या गाडीकडे गेली. अर्ध्या तासाने ऑरिनने स्वतःच हात काढला आणि तो व्हर्नाच्या गुडघ्यावर ठेवला. दोघं उतरली. ट्रकच्या लोखंडी साखळ्या लागताना बघायला ती थांबली नाहीत.

त्या पैशांतून व्हर्नाने दवाखान्याची बिलं भागवली आणि तळ्याकडच्या बाजूला, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं भाड्याचं घर घेतलं. आर्डिसला सांगणं आगीपेक्षा कठीण गेलं.

"जा की," आर्डिस म्हणाली. "दांडे काढून नेणार का न्हाणीघरातले?"

"राहू देत. तुलाही लागतील कधीतरी."

"हं," आर्डिस म्हणाली, आणि ओट्याकडे वळून पुसलेलाच ओटा पुन्हा पुसू लागली. तिची पाठ बघताना व्हर्नाला पहिल्यांदाच वाटलं की या एवढ्या मोठ्या घरात हिवाळाभर कोण कोणाला धरून होतं, कोण जाणे.

नव्या घरात पहिले काही दिवस व्हर्ना नुसती फिरत राहिली, या खोलीतून त्या खोलीत. मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं लगेच वाटलं नाही. भिंती भिंतीच होत्या आणि खिडकीबाहेरचा रस्ता दुसऱ्यांच्या गाड्यांचा होता. ऑरिन खिडकीशी बसे. एके दिवशी पलीकडच्या मैदानात बदकं उतरली, तेव्हा त्याने काच वाजवून तिला बोलावलं आणि "बघ" म्हणाला, स्पष्ट.

पहिल्याच रविवारी आर्डिस आली, फोन न करता, ओव्हनमधून काढलेलं बटाट्याचं गरम हॉटडिश कापडात गुंडाळून. खुर्चीत कोट न काढता बसली. "वारा लागतो गं इथे," ती म्हणाली. "आणि हे पडदे कोणी निवडले?" ऑरिनच्या ताटात तिने वाढलं, त्याने सांडलं, आणि तिचा हात अर्ध्यावर जाऊन मागे आला. अंधार पडेपर्यंत ती बसली.

दाराशी पोचल्यावर म्हणाली, "बुधवारी येऊ?"

"बुधवारी आम्ही बाहेर जातोय."

"कुठे?"

व्हर्नाने ऑरिनकडे बघितलं. ऑरिनने खांदे उडवले, एक वर गेला, दुसरा राहिला.

"ते अजून ठरलं नाही," व्हर्ना म्हणाली. "गुरुवारी ये."